शब्दवेधी बाण : कर्करोगावरील औषधाच्या नेमाची कथा

आमच्या आक्काला १९९४ साली स्तनाचा कर्करोग झाला, तेव्हा शस्त्रक्रियेनंतर तिला दर तीन आठवड्यांनी एक लाल रंगाचे औषध शिरेतून देत असत. पहिल्या खेपेनंतर पंधरवड्यात तिचे केस गेले, तोंडात फोड आले, आणि भरल्या घरात फोडणीचा वास तिला सोसेना. इंदूरच्या आमच्या जुन्या वाड्यातल्या माजघरात पडल्या पडल्या तिने मला एक प्रश्न विचारला होता. "गाठ एका जागी होती ना रे? मग हे औषध माझ्या सगळ्या अंगभर का हिंडते?" मी रसायनशास्त्राचा मास्तर; तरीही मला त्या दिवशी धड उत्तर देता आले नाही. पुढे पुष्कळ वाचले, तेव्हा ध्यानात आले की हाच प्रश्न जगातल्या उत्तमोत्तम संशोधकांनी शंभर वर्षे स्वतःला विचारला आहे, आणि त्याचे उत्तर अजून पुरते हाती आलेले नाही. त्या प्रश्नाचा इतिहास येथे सांगावा असा विचार आहे.

मराठीत हमखास गुण देणाऱ्या औषधाला आपण 'रामबाण' म्हणतो. रामाचा बाण वाया जात नाही, एवढाच त्याचा अर्थ. पण रामायणात दुसराही एक बाण आहे, त्याच्या वडिलांचा. दशरथाला शब्दवेध साधला होता. नुसत्या आवाजाच्या रोखाने तो अंधारात लक्ष्य टिपत असे. शरयूकाठी रात्री घडा भरण्याचा बुडबुड आवाज झाला, हत्ती पाणी पितो आहे असे समजून त्याने बाण सोडला, आणि तो श्रावणबाळाला लागला. नेम अचूक होता, बाण उत्तम होता. खूण मात्र फसवी निघाली. कर्करोगाच्या औषधांची कथा रामबाणाची नसून ह्या शब्दवेधी बाणाची आहे, असे मला वाटत आले आहे.

तिचा आरंभ कर्करोगापासून होत नाही, कापड रंगवण्याच्या रंगांपासून होतो. पाउल एर्लिख ह्याचा जन्म १८५४ सालचा, त्या वेळच्या प्रशियातल्या सायलेशिया प्रांतातला. विद्यार्थीदशेपासून त्याला रंगांचे वेड. जर्मनीत तेव्हा डांबरापासून नवनवे कृत्रिम रंग निघत होते. हा तरुण ते रंग शरीरातल्या निरनिराळ्या पेशींवर टाकून पाहू लागला. एक रंग एकाच जातीच्या पेशीला धरतो, शेजारच्या पेशीला शिवतही नाही, हे त्याला दिसले. जिवंत प्राण्याच्या शरीरात मेथिलीन ब्ल्यू सोडला तर मज्जातंतू तेवढे निळे होतात! मग एर्लिखने पुढची उडी घेतली. रंग जर एकाच जागी जाऊन बसतो, तर रंगासारखेच एखादे विष रोगजंतूवर जाऊन का बसू नये? १८९१ साली त्याने हाच निळा रंग हिवतापाच्या दोन रुग्णांना देऊन पाहिला, आणि त्यांना उतार पडला. पदार्थ जेथे चिकटेल तेथेच तो काम करील, हे त्याच्या सगळ्या विचाराचे सूत्र होते.

'केमोथेरपी' हा शब्द त्याचाच, आणि 'जादूची गोळी' ही कल्पनाही त्याचीच. १९०९ साली फ्रँकफर्टला त्याच्या प्रयोगशाळेत साहाचिरो हाता ह्या जपानी सहकाऱ्याने, आधी निरुपयोगी म्हणून बाजूला ठेवलेले ६०६ क्रमांकाचे सोमलयुक्त संयुग पुन्हा तपासले आणि ते उपदंशावर लागू पडते असे दाखवले. १९१० साली 'साल्व्हर्सन' ह्या नावाने ते बाजारात आले. जादूची गोळी म्हटले की जर्मन वाचकाला एक लोककथा आठवत असणार. वेबरने १८२१ साली तिच्यावर संगीतिका रचली होती. त्या कथेतल्या नेमबाजाला सात मंतरलेल्या गोळ्या मिळतात. सहा त्याच्या इच्छेप्रमाणे जातात, सातवी सैतानाच्या इच्छेप्रमाणे. एर्लिखचे चाहते ही सातवी गोळी सोयीस्करपणे विसरतात. साल्व्हर्सनने पुष्कळांना वाचवले तसे काहींना मारलेही.

जंतूंच्या बाबतीत एर्लिखचे स्वप्न पुढे बऱ्याच अंशी खरे झाले, कारण जंतू परका असतो. त्याची घडण आपल्या पेशींहून वेगळी. कर्करोगाची पेशी परकी नाही. ती आपल्याच घरातली, वाट सोडून गेलेली. तिच्यात आणि निरोगी पेशीत फरक करायचा कशावरून? शिवाय कर्करोगावरचे पहिले प्रभावी औषध आले तेही नेम धरून आलेले नव्हे. ते युद्धातून आले.

मस्टर्ड वायू जर्मनांनी १९१७ च्या जुलैत ईप्रच्या रणांगणावर पहिल्यांदा वापरला. त्याने भाजलेल्या सैनिकांच्या रक्तात पांढऱ्या पेशी कमी झालेल्या दिसतात, हे १९१९ साली नोंदले गेले आणि विसरले गेले. दुसऱ्या महायुद्धात येल विद्यापीठातल्या लुई गुडमन आणि आल्फ्रेड गिलमन ह्यांना त्याच कुळातल्या नायट्रोजन मस्टर्डवर गुप्त संशोधन करण्यास सांगितले गेले, तेव्हा त्यांच्या मनात आले की जे विष निरोगी पांढऱ्या पेशी नष्ट करते, ते बेसुमार वाढलेल्या पेशीही नष्ट करील. ऑगस्ट १९४२ मध्ये लसीका ग्रंथींच्या कर्करोगाने मरणपंथाला लागलेल्या एका रुग्णाला त्यांनी ते दिले. गाठी लोण्यासारख्या विरघळल्या. काही आठवड्यांनी त्या परत आल्या आणि डिसेंबरमध्ये तो रुग्ण वारला. युद्ध चालू असल्याने ही हकीकत १९४६ पर्यंत प्रसिद्धच झाली नाही. दरम्यान २ डिसेंबर १९४३ च्या रात्री इटलीतल्या बारी बंदरावर जर्मन विमानांनी हल्ला केला. तेथे 'जॉन हार्वे' ह्या अमेरिकी जहाजात गुपचूप आणलेले मस्टर्डचे बाँब होते. सहाशेंहून अधिक माणसे त्या विषाने रुग्णालयात पोचली आणि ऐंशीहून अधिक दगावली. स्ट्यूअर्ट अलेक्झांडर ह्या अमेरिकी लष्करी डॉक्टराने हे मस्टर्डच आहे असे ओळखून काढले आणि पांढऱ्या पेशींवरचा परिणाम बारकाईने लिहून ठेवला.

ह्याच सुमारास न्यूयॉर्कजवळच्या लेडर्ली प्रयोगशाळेत यल्लाप्रगडा सुब्बाराव नावाचे एक तेलुगू गृहस्थ संशोधनप्रमुख होते. हैदराबादच्या आपल्या वाचकांना हे नाव परिचयाचे असेल. जन्म भीमावरमचा, १८९५ चा, शिक्षण मद्रासेत. दोघे भाऊ आजारात गमावलेला हा माणूस परदेशी गेला तो परत आलाच नाही. फॉलिक आम्ल पेशींच्या वाढीला लागते. तेव्हा फॉलिक आम्लासारखे दिसणारे पण काम अडवणारे तोतया रेणू त्यांच्या प्रयोगशाळेत तयार झाले. त्यांपैकी अमिनोप्टेरीन बोस्टनच्या सिडनी फार्बरने रक्ताच्या कर्करोगाच्या १६ मुलांना दिले, आणि १९४८ साली जाहीर केले की त्यांतल्या १० मुलांना काही काळ उतार पडला. तोवर असा उतार कोणी पाहिलेला नव्हता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुब्बाराव वारले.

हे सारे बाण खरे, पण आंधळे. जी पेशी भराभर दुभंगते तिला ते मारतात, मग ती गाठीतली असो, केसांच्या मुळाशी असो, आतड्याच्या अस्तरातली असो की हाडांच्या मगजातली. आक्काच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे आहे. तिचे लाल औषध म्हणजे डॉक्सोरुबिसिन. १९५० च्या दशकात इटलीतल्या कास्तेल देल मोंते ह्या जुन्या किल्ल्याजवळच्या मातीतून मिळालेल्या सूक्ष्मजीवापासून आधी एक लाल द्रव्य निघाले, आणि त्याच सूक्ष्मजीवाच्या बदललेल्या वाणापासून हे. जवळच्या एड्रियाटिक समुद्रावरून त्याला 'एड्रियामायसिन' हे नाव पडले. बारी बंदर ह्याच प्रांतात आहे. मस्टर्डने जेथे माणसे मेली त्याच मुलखाच्या मातीत हे औषध होते, हा योगायोग मला नेहमी चकित करतो. औषध बिनतोड, पण हृदयाच्या स्नायूला ते कायमची इजा करते. म्हणून आयुष्यभरात शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला पाचशे मिलिग्रॅमच्या आसपास मर्यादा घालून घेतली गेली. आक्काचा कर्करोग परत आला नाही. अकरा वर्षांनी तिला जिना चढवेना, तेव्हा डॉक्टर म्हणाले की हृदय दुबळे झाले आहे, औषधाचा तो जुना हिशेब असावा. त्यांचा दोष नव्हता. ते औषध नसते तर अकरा वर्षेही नसती.

औषध अंगभर हिंडू नये ह्यासाठी दोन वाटा निघाल्या. एक वाट डबीत घालून पाठवण्याची. इंग्लंडात केंब्रिजजवळ बाब्रॅहम येथे अ‍ॅलेक बँगहॅम ह्याने १९६० च्या दशकाच्या आरंभी असे पाहिले की, पेशीच्या पडद्यातली स्निग्ध द्रव्ये पाण्यात मिसळली की ती आपोआप पोकळ गोळ्यांचे रूप घेतात. ह्या सूक्ष्म गोळ्यांना पुढे 'लायपोसोम' हे नाव मिळाले. आत औषध भरावे, बाहेर शरीराच्याच जातीचा पडदा असावा, ही कल्पना सुंदर होती. पण यकृत आणि प्लीहा ह्यांतल्या भक्षक पेशी असे गोळे क्षणार्धात गिळून टाकीत. मग त्यांच्यावर एक पाणीदार बहुवारिकाचे अस्तर चढवले, म्हणजे भक्षक पेशींच्या नजरेला ते पडू नयेत. जेरुसलेमच्या येखेझ्केल बारेनहोल्झ आणि आल्बेर्तो गाबिझोन ह्यांनी हेच लाल औषध अशा गोळ्यांत कोंबून बसवले, आणि १९९५ च्या नोव्हेंबरात अमेरिकेने त्याला मान्यता दिली. 'डॉक्सिल' हे त्याचे नाव. अशा अतिसूक्ष्म कणांतून दिल्या जाणाऱ्या औषधांत हे पहिले. आक्काच्या उपचारानंतर अवघ्या वर्षभराने ते आले, ह्याची चुटपुट मला लागून राहिली.

डॉक्सिलने हृदयाची इजा पुष्कळ कमी केली, हे निर्विवाद. पण गोळे गाठीतच का जावेत? जपानात कुमामोतोला हिरोशी माएदा आणि यासुहिरो मात्सुमुरा ह्यांनी १९८६ साली ह्याचे उत्तर मांडले होते. गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईघाईने वाढलेल्या, फटी राहिलेल्या असतात. त्यांतून मोठे कण झिरपतात आणि निचरा नसल्याने तेथेच अडकतात. उंदरांत हे छान दिसले. माणसांत तितके नाही. २०१६ साली दहा वर्षांतल्या शंभराहून अधिक निबंधांचा आढावा घेतला गेला तेव्हा असे आढळले की टोचलेल्या कणांपैकी गाठीत पोचणाऱ्यांचे मध्यक प्रमाण ०.७ टक्के, म्हणजे शंभरात एकही नाही! आणि डॉक्सिल काही रुग्णांच्या तळहातांत नि तळपायांत झिरपून तेथली कातडी सोलवटते. घडा भरल्याचा आवाज तेथूनही येत होता म्हणायचे. (२०११ मध्ये अमेरिकेत ज्या कारखान्यात ते बनत असे तो बंद पडल्याने त्याचा तुटवडा झाला. तेव्हा फेब्रुवारी २०१२ मध्ये तिकडच्या सरकारने सन फार्मा ह्या भारतीय कंपनीचे 'लायपोडॉक्स' आयात करू दिले. ह्या कंपनीचे संशोधन वडोदऱ्यात चालते, हे तेथील मंडळींना सांगायला नकोच.)

दुसरी वाट खरी एर्लिखची. शरीर जंतूंविरुद्ध जी प्रतिपिंडे बनवते ती नेमकी एका खुणेला धरतात. त्यांच्या पाठीवर विष बांधून पाठवावे. १९५८ साली पॅरिसच्या जॉर्ज माते ह्याने उंदरांच्या ल्युकेमियाविरुद्धच्या प्रतिपिंडांना मेथोट्रेक्सेट, म्हणजे सुब्बारावांच्या अमिनोप्टेरीनचे सख्खे भावंड, जोडून पाहिले होते. पण एकजिनसी प्रतिपिंडे मिळत नव्हती. ती १९७५ साली मिळाली. केंब्रिजमध्ये गेओर्ग कोलर आणि सेसार मिलस्टाइन ह्यांनी प्रतिपिंड बनवणारी पेशी आणि कधीच न मरणारी कर्करोगाची पेशी ह्यांचा संकर घडवला. त्या संकरित पेशीपासून हवे ते एकच प्रतिपिंड हवे तितके निपजू लागले. ह्या युक्तीचे पेटंटही कोणी घेतले नाही. १९८४ साली दोघांना नोबेल मिळाले, आणि वर्तमानपत्रांनी जादूची गोळी आली असे लिहून टाकले.

ती आलेली नव्हती. उंदराची प्रतिपिंडे माणसाचे शरीर परकी म्हणून हाकलून देई. शिवाय प्रतिपिंड केवढे मोठे, आणि गाठीत पोचणारा अंश केवढा थोडा. नेहमीची औषधे एवढ्या अल्प मात्रेत काहीच करीनात. म्हणजे एरवी माणसाला देताच येणार नाही इतके जहाल विष हवे होते. ते सापडले लेडर्लीच्याच प्रयोगशाळेत, सुब्बारावांच्या मृत्यूनंतर सुमारे चाळीस वर्षांनी. टेक्सासमधल्या चुनखडीच्या मातीतल्या सूक्ष्मजीवापासून निघालेले हे विष डी.एन.ए.चे दोन्ही धागे तोडते. चुनखडीच्या तिकडच्या नावावरून त्याला 'कॅलिकियामायसिन' म्हणतात. ल्युकेमियाच्या पेशींवर सीडी-३३ नावाची खूण असते. तिला धरणाऱ्या, माणसाच्या शरीराला मानवेल अशा घडवलेल्या प्रतिपिंडावर हे विष बांधले गेले आणि मे २००० मध्ये 'मायलोटार्ग' ह्या नावाने त्याला मान्यता मिळाली. एर्लिखच्या मृत्यूला तेव्हा ८५ वर्षे झाली होती.

दहा वर्षांनी, २०१० साली, ते बाजारातून मागे घ्यावे लागले. मोठ्या चाचणीत ते घेणाऱ्या गटाला अधिक आयुष्य मिळाले नाही, उलट उपचाराच्या आरंभी दगावणारे रुग्ण त्या गटात जास्त निघाले. यकृतातल्या बारीक शिरा तुंबत होत्या. पुढे मात्रा कमी करून, थोडी थोडी विभागून दिल्यावर फ्रान्समधल्या चाचणीत गुण दिसला आणि २०१७ च्या सप्टेंबरात तेच औषध परत आले. औषध तेच, खूण तीच, फरक मात्रेचा. आपल्या जुन्या वैद्यांना ह्यात नवल वाटले नसते.

मधल्या काळात शास्त्रज्ञ एका गोष्टीकडे वळले जिच्याकडे आधी फारसे लक्ष नव्हते, ती म्हणजे दोरी. प्रतिपिंड आणि विष ह्यांना जोडणारा रासायनिक दुवा रक्तात सुटला तर विष वाटेतच सांडते. गाठीत सुटलाच नाही तर सारा खटाटोप व्यर्थ. प्रतिपिंड पेशीच्या पृष्ठभागावरच्या खुणेला धरते, पेशी त्या दोघांना आत ओढून घेते आणि आपल्या पाचक कोशात नेऊन टाकते. दुवा तुटावा तो तेथे. स्तनाच्या कर्करोगात साधारण पाचांतल्या एका रुग्णात हर-टू नावाची खूण पेशीवर दाटीने असते. तिला धरणारे नुसते प्रतिपिंड, ट्रास्टुझुमॅब, १९९८ साली आले होते आणि त्याने असंख्य स्त्रियांचे आयुष्य वाढवले. पण हृदयाच्या स्नायूंवरही ती खूण थोडी असते, आणि आक्काच्या लाल औषधाबरोबर ते दिले तेव्हा चारांतल्या एकीहून अधिक जणींना हृदयाचा त्रास झाला. पुन्हा श्रावणबाळ. त्याच प्रतिपिंडाला इथिओपियातल्या झुडपातून मिळालेल्या विषाचा वंशज न सुटणाऱ्या दुव्याने जोडून २०१३ साली नवे औषध झाले, आणि डिसेंबर २०१९ मध्ये जपानच्या दाइइची सांक्यो ह्या कंपनीचे ट्रास्टुझुमॅब डेरुक्सटेकॅन.

ह्या शेवटच्या औषधाच्या पोटातले विष आपल्या फार जवळचे आहे, म्हणून थोडे थांबतो. ते कॅम्प्टोथेसिनच्या कुळातले. हे द्रव्य १९६६ साली एका चिनी वृक्षातून मन्रो वॉल आणि मनसुख वाणी ह्यांनी अमेरिकेत शोधले. वाणी मूळचे नंदुरबारचे, १९२५ साली जन्मलेले, मुंबई विद्यापीठाचे पदवीधर. टॅक्सॉल हे कर्करोगावरचे दुसरे प्रख्यात औषधही ह्याच जोडीचे. २०२० साली ते वारले तेव्हा आपल्याकडे त्यांची फारशी दखल घेतली गेली नाही, ह्याचा खेद वाटतो. पुढे १९७२ साली मुंबईत गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रात गोविंदाचारी आणि विश्वनाथन ह्यांना हेच द्रव्य आपल्या सह्याद्रीतल्या 'नरक्या'त भरपूर सापडले. घाटमाथ्यावरच्या लोकांना हे झाड ठाऊक आहे. लाकूड तोडले की असह्य दुर्गंधी येते, म्हणून हे नाव. पुढे परदेशी मागणीपायी त्याची अशी बेसुमार तोड झाली की बेळगाव-आंबोलीकडच्या जाणत्यांनी त्याची चिंता करावी. कॅम्प्टोथेसिन नुसते दिले तेव्हा रुग्णांच्या मूत्राशयातून रक्त येऊ लागल्याने १९७० च्या दशकात त्याच्या चाचण्या थांबवल्या होत्या. जे बाण म्हणून टाकून दिले होते, तेच आता बाणाचे टोक झाले. एकेका प्रतिपिंडावर असे आठ रेणू बसवलेले असतात. आणि पेशीत सुटलेले विष शेजारच्या पेशीतही झिरपते, मग तिच्यावर खूण नसली तरी चालते.

म्हणूनच जून २०२२ मध्ये शिकागोच्या परिषदेत जे निकाल वाचले गेले त्यांना सभागृहाने उभे राहून दाद दिली. ज्या स्त्रियांच्या गाठीत हर-टू अगदी थोडे होते, म्हणजे ज्यांना आजवर ही औषधे लागू नाहीत असे सांगून परत पाठवत असत, त्यांना रोग पसरलेला असतानाही नेहमीच्या रसायनोपचारावर १६.८ महिने, तर ह्या औषधावर २३.४ महिने असे मध्यक आयुष्य मिळाले. साडेसहा महिने ऐकायला थोडे वाटतात. ज्या घरात मुंजीची वा लग्नाची तारीख धरून आजारी माणूस दिवस मोजते, त्या घराला विचारावे.

भारतात हे औषध २०२४ साली आले, आणि त्याच वर्षी जुलैच्या अर्थसंकल्पात त्यावरील सीमाशुल्क माफ झाले. तरी ते सामान्य घराच्या आवाक्याबाहेरच आहे. आमच्या नात्यातल्या एका मुलीला गेल्या वर्षापासून दर एकवीस दिवसांनी ते देतात. केस विरळ झाले, पण गेले नाहीत. हे औषध काही रुग्णांच्या फुप्फुसांना सूज आणते. पहिल्या मोठ्या चाचणीतल्या १८४ जणींपैकी चौघी त्यानेच गेल्या. म्हणून ती प्रत्येक खेपेला जाते तेव्हा नर्स गाठीविषयी काही विचारण्याआधी तिला एकच विचारते : खोकला आला होता का?